नाणे टाका, दांडा ओढा : वाचकांचे प्रश्न

नाण्यावर चालणाऱ्या जुन्या यांत्रिक स्लॉट मशीनविषयी (नाणे टाकून दांडा ओढायचा, रिळांवरची चित्रे जुळली तर नाण्यांचे बक्षीस, असे हे जुगाराचे खेळयंत्र) सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक जड लाकडी पेटी सापडली. पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, ओतीव, त्यावर पंख पसरलेला गरुड. उजव्या अंगाला दांडा, आत चित्रांची तीन रिळे. कंपनीचे नाव कुठेच नाही. हे कोणी आणि केव्हा बनवले असेल? रंग बराच उडालाय. तो काढून नवा मारायला पेंटरशी बोलणी झाली आहेत. (वाई)

उत्तर : आधी त्या पेंटरला थांबवा. यंत्राची ओळख पटवायला लागणारे निम्मे पुरावे त्या उडालेल्या रंगाखालीच असतात.

गरुड पाहून जाणकार चटकन ‘मिल्स’चे नाव घेतील. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९३१ मध्ये ‘वॉर ईगल’ नावाचे गरुडाचे मॉडेल काढले होते, त्यामुळे तर्क वाजवी आहे. पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. पुढचा ओतीव भाग हा यंत्राचा अंगरखा असतो. यंत्रे भाड्याने लावणारे धंदेवाले जुन्या यंत्रावर नवा पुढा चढवत आणि दुरुस्तीत दोन यंत्रांचे एक करत. खरी ओळख आतल्या यंत्रणेवरून पटते.

मागचे दार उघडा. कुलूप लागलेले असेल तर ड्रिल लावू नका. जुनी कुलुपे उघडणाऱ्या कारागिराला बोलवा, कारण मूळ कुलूप हासुद्धा पुरावाच आहे. संपूर्ण यंत्र ३५ ते ४५ किलोच्या घरात भरते, म्हणून उचलायला दोन माणसे हवीत. बहुतेक यंत्रांत आतली यंत्रणा तळाच्या पट्ट्यांवरून मागे सरकून बाहेर येते. येत नसेल तर कुठला तरी खटका किंवा पेच राहिला आहे, ओढाताण करू नका.

आता अनुक्रमांक शोधा. तो यंत्रणेच्या तळपट्टीवर, पितळी पट्टीवर आणि लाकडी पेटीच्या कडेवर अशा एकाहून अधिक जागी ठोकलेला असू शकतो. हे आकडे जुळले तर पेटी आणि यंत्रणा मुळापासून एकत्र आहेत. न जुळले तर यंत्र जोडून केलेले आहे. तसे असले तरी ते टाकाऊ होत नाही, फक्त किंमत आणि ओळख दोन्ही बदलतात. अक्षरे पुसट असतील तर घासू नका. अंधारात टॉर्च अगदी आडवी धरा, म्हणजे खोलगट आकडे सावलीने उठून दिसतील. नाहीतर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवा.

यानंतर पेटंट क्रमांक. अमेरिकन पेटंटांचे आकडे सलग चढत गेल्यामुळे त्यांवरून काळाची खालची मर्यादा ठरते. १९२० सालची सुरुवात १३,२६,८९९ या क्रमांकाने झाली, १९३० ची १७,४२,१८१ ने, १९३५ ची १९,८५,८७८ ने आणि १९४० ची २१,८५,१७० ने. समजा तुमच्या यंत्रावरचा सर्वांत मोठा आकडा १८ लाखांच्या आसपास असेल, तर तो भाग १९३० पूर्वीचा असूच शकत नाही. नंतरचा मात्र असू शकतो, कारण जुने पेटंट क्रमांक कंपन्या वर्षानुवर्षे छापत राहत. म्हणून नेहमी सर्वांत मोठा आकडा धरायचा.

तिसरा पुरावा आट्यांचा आहे आणि इकडे त्याकडे कोणी फारसे बघत नाही. एक मूळ पेच काढा आणि थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावा. ६० अंशांचे इंची आटे (६-३२, ८-३२, १०-३२; पहिला आकडा जाडीचा, दुसरा एका इंचातल्या आट्यांचा) निघाले तर यंत्र अमेरिकन. ५५ अंशांचे व्हिटवर्थ किंवा ४७.५ अंशांचे बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे असतील तर ब्रिटिश. इथे घाई नको, कारण १०-३२ चा व्यास ४.८३ मिमी आणि २ बीएचा ४.७० मिमी, म्हणजे दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. धोका पुढे आहे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-५ पेच ५ मिमीचा असतो, पण त्याचा आटा ०.८ मिमीचा, म्हणजे १०-३२ च्या आट्याला जवळजवळ जुळणारा. तो सुरुवातीला बरा चढतो, मग घट्ट होतो. पेचकसाला जोर दिला की अ‍ॅल्युमिनियममधले मूळ आटे कापले जातात. नव्वद वर्षे टिकलेले भोक असे अर्ध्या मिनिटात जाते.

शेवटी नाण्याचा मार्ग पाहा. डोक्यावरच्या खिडकीत शेवटी टाकलेली नाणी ओळीने सरकताना दिसत असतील, तर ती मिल्सने १९३० च्या सुमारास आणलेली सरकती पायरी असण्याची शक्यता मोठी आहे. त्याआधीच्या मिल्स यंत्रांत नाणे हंसाच्या मानेसारख्या वाकड्या तोंडातून आत जाई. नाणी वरच्या बाजूला कमानीत, गोल फिरत जाताना दिसली तर वॉटलिंगच्या १९३५ च्या ‘रोल-अ-टॉप’चा विचार करा. जेनिंग्ज, पेस आणि वॉटलिंग या तिन्ही कंपन्या मिल्सप्रमाणेच शिकागोच्या, तर कॅल ब्रदर्स डेट्रॉइटचे. रेड इंडियन सरदाराचा चेहरा असेल तर जेनिंग्जची १९३६ पासूनची ‘चीफ’ मालिका तपासा.

एवढे झाले, फोटो काढून झाले, आकडे वहीत उतरले, मग रंगाचा विचार. तेव्हाही आम्ही सुचवू ते इतकेच : मऊ कापड, थोडे रॉकेल, आणि रंग आहे तसा राहू द्या.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होते. त्यात असेच एक यंत्र दोन दिवस बुडाले. नंतर ते तसेच ठेवून दिले. आता दांडा अर्ध्यावर येऊन थांबतो. वाचेल का? (सांगली)

उत्तर : वाचू शकते, पण आजपासून तो दांडा कोणालाही ओढू देऊ नका. पूर ओसरल्यावर कृष्णेचा गाळ किती बारीक बसतो, हे आयर्विन पुलाच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. तो सुकल्यावर पॉलिश पेस्टसारखे काम करतो. प्रत्येक हालचालीत पितळी बुश आणि दातेरी चाके घासली जातात. शिवाय या दांड्याला एक ‘कुत्रा’, म्हणजे दात्यांत अडकणारा खटका असतो. ओढ पूर्ण झाल्याशिवाय तो दांडा परत सोडत नाही, म्हणजे कोणी अर्धा ओढून लबाडी करू नये. तुमचा दांडा अर्ध्यावर अडकला आहे तो बहुधा तिथेच. बाहेरून जोर लावलात तर कुत्र्याचे टोक तुटेल.

यंत्रणा बाहेर काढा. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक स्प्रिंग कुठल्या भोकात अडकली आहे त्याचा जवळून फोटो. स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसतात आणि जोर वेगवेगळा असतो. पेच मिठाईच्या डब्यांत टप्प्याटप्प्याने ठेवा, डब्यावर क्रमांक घाला.

रिळे काढण्यापूर्वी त्यांवर डावीकडून १, २, ३ असे पेन्सिलीने लिहा. तिन्ही रिळे दिसायला सारखी असली तरी त्यांच्यावरची चित्रे वेगळ्या क्रमाने असतात आणि चकतीवरची भोके त्या क्रमाला जुळवून पाडलेली असतात. खेळ थांबला की पोलादी बोटे त्या भोकांत शिरून तीन चित्रे कोणती आली ते ‘वाचतात’. खोल भोक असले की बोट आत जाते आणि त्याच्या जोडीची पट्टी सरकून नाणी खाली पडतात. रिळांची अदलाबदल झाली तर समोर तीन घंटा दिसतील आणि एकही नाणे पडणार नाही. नाहीतर लिंबावर बक्षीस पडेल.

रिळांवरच्या कागदी पट्ट्यांना पाणी, रॉकेल, स्पिरिट काहीही लागू देऊ नका. छापील रंग विरघळतो. गाळ चिकटला असेल तर कोरडा, मऊ, रुंद ब्रश, एवढेच. कागद सुटला असेल तरी फाडू नका. तो जुन्या छापकामाचा नमुना आहे आणि बनवणाऱ्याची खूणही.

उरलेल्या लोखंडी-पितळी भागांसाठी आधी कोरडा ब्रश, मग टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा, दाब कमी ठेवून आणि लांबून. हवेच्या झोताने घड्याळाचा (म्हणजे रिळे क्रमाने थांबवणाऱ्या चाकांच्या साखळीचा) पंखा गरगर फिरवण्याचा मोह होतो. तो बोटाने धरून ठेवा, नाहीतर त्याची टोके झिजतील. त्यानंतर सर्व भाग रॉकेलमध्ये एक दिवस-रात्र बुडवा आणि रॉकेल काळे झाले की बदला. गंज पितळी तारेच्या ब्रशने आणि अगदी बारीक ‘०००० नंबर’ स्टील वूलने निघेल तेवढाच काढा. आम्ल वापरू नका. रिव्हेटखाली शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही आणि आतून खात राहते. शिवाय आम्लाने कडक स्प्रिंगा ठिसूळ होतात आणि काही दिवसांनी अचानक तुटतात. चिंचेचे पाणी आणि भांडी घासायच्या पावडरीपासूनही पितळी पट्टी लांब ठेवा. त्यांनी अक्षरांच्या कडा जातात.

एक वाईट शक्यता सांगायला हवी. काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबून ओतलेले असतात. धातूत शिसे मिसळलेले असेल तर दमट हवेत ते आतून फुगतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडकतात. हे वेल्डिंगने किंवा एम-सीलने दुरुस्त होत नाही. असा भाग दिसला तर तुकडे होण्याआधी कॅलिपरने मापे घ्या आणि पितळेत नवा करून घ्या. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या चांगल्या टर्नरच्या हातचे हे काम आहे. नव्या भागावर साल कोरून ठेवा म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

रिळाला जागेवर थांबवणाऱ्या खाचांकडे विशेष लक्ष द्या. गंजाने खाचेची कड गोल झाली की रीळ दोन चित्रांच्या मध्ये थांबते. कानस लावून खाच ‘साफ’ करणारे पुष्कळ फिटर भेटतील. त्यांना थांबवा. खाच रुंद झाली की रीळ डुलते आणि बोटे भोकाशी जुळत नाहीत.

तेल कुठे घालायचे यापेक्षा कुठे घालायचे नाही हे जास्त महत्त्वाचे. दांड्याची बिजागरी, रिळांचा गज, घड्याळाच्या चाकांची टोके : इथे शिवण यंत्राचे तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढा एकेक थेंब. मोठ्या दातेरी चाकांना ग्रीसचा पुसट हात. नाण्याचा मार्ग, नाण्यांची नळी आणि बक्षिसाच्या पट्ट्या पूर्ण कोरड्या ठेवा. तिथे तेल लागले की धूळ बसते, नाणी एकमेकांना चिकटतात आणि दहाऐवजी सात पडतात. गंज सोडवण्यासाठी मिळणारे स्प्रे अडकलेला पेच सोडवायला ठीक आहेत, पण ते वंगण नव्हे. सुकल्यावर त्यांचा चिकट थर राहतो आणि घड्याळ मंदावते.

हे घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारे नव्हे. पंख्याच्या ब्रेकने मंद चालणारी ती चाकांची साखळी आहे. रिळे फिरू लागल्यावर थांबे डावीकडून एकामागून एक पडावेत, हे तिचे काम. जुने ग्रीस घट्ट झाले की शेवटचे रीळ उशिरा थांबते किंवा थांबतच नाही. पंखा सैल झाला की रिळे नीट फिरायच्या आत तिन्ही थांबे खाडकन पडतात. दोन्ही दोष घड्याळाचे आहेत. लोक मात्र रिळांची स्प्रिंग ताणून उपाय करतात. स्प्रिंग कधीही ताणू नका. बदलायचीच असेल तर तारेची जाडी मायक्रोमीटरने, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी, ही चारही मापे लिहून द्या.

लाकडी पेटी सावलीत, वाऱ्यावर, दोन-तीन आठवडे. उन्हात ठेवली तर ओकच्या फळ्या तडकतात. सांधे सुटले असतील तर ते सरसाचे आहेत, पुन्हा सरसच लावा. पाण्याच्या भांड्यात सरसाचे भांडे ठेवून तो तापवा, उकळू देऊ नका, आणि शिकंजा रात्रभर ठेवा. पांढरा डिंक लावलात तर पुढच्या वेळी सांधा उघडताना लाकूड फाटेल.

प्रश्न : यंत्र चांगल्या स्थितीत विकत घेतले, पण दांडा जागचा हलत नाही. रुपयाचे नाणे टाकले तर ते आत अडकले. (मिरज)

उत्तर : नाणे टाकल्याशिवाय दांडा न हलणे हा दोष नाही, यंत्र तसेच बनवलेले असते. योग्य जाडीचे नाणे जागेवर बसले की कुलपाचा खटका बाजूला होतो.

तुमचे यंत्र बहुधा अमेरिकेच्या ५ सेंटच्या नाण्याचे आहे. ते नाणे २१.२१ मिमी व्यासाचे, १.९५ मिमी जाड आणि ५ ग्रॅमचे. आपला २०११ नंतरचा रुपया जवळपास २१.९ मिमीचा आणि बराच पातळ. तोंडातून शिरला तरी पुढच्या वळणावर अडकतो. शिवाय तो पोलादी असल्यामुळे चुंबकाला चिकटतो, आणि खोटी लोखंडी नाणी पकडण्यासाठी पुष्कळ यंत्रांत नाण्याच्या वाटेवर चुंबक बसवलेला असतो. अडकलेले नाणे वरून तारेने ढकलू नका. यंत्रणा मागे काढून पितळी चिमट्याने उचला.

अमेरिकन २५ सेंटचे यंत्र २४.२६ मिमीचे नाणे घेते, १० सेंटचे १७.९१ मिमीचे. ब्रिटिश भिंतीवरची यंत्रे जुन्या पेनीवर चालत. ती पेनी सुमारे ३०.९ मिमी आणि ९.४ ग्रॅमची. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली, तेव्हा अशी काही यंत्रे २५.९ मिमीच्या दोन पेन्सवर बसवण्यासाठी तोंडात पत्र्याची पट्टी घातली गेली. अशी पट्टी दिसली तर काढून टाकू नका, ती यंत्राच्या इतिहासाचा भाग आहे.

नाणी मिळत नसतील तर पितळी गजातून कोऱ्या चकत्या कापून घ्या, व्यासात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको आणि कडेला कंगोरा नको. त्यावर कसलेही चित्र किंवा आकडा उठवू नका. रुपयाची नाणी लेथवर धरून छोटी करणे तर नकोच. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवायला आणि नष्ट करायला मनाई आहे. चकत्या भरपूर करा. सर्वांत मोठे बक्षीस २० नाण्यांचे असेल आणि नळीत १५च असतील तर १५च पडतील आणि तुम्ही दोष पट्ट्यांना द्याल. साठ-सत्तर चकत्या असाव्यात.

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारात एक ‘मूळ लिबर्टी बेल’ दाखवली गेली. घ्यावी का? (फलटण)

उत्तर : नाही. निदान त्या नावावर नाही. लिबर्टी बेल हे स्लॉट मशीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे याने १८९० च्या दशकात बनवले. तीन रिळे, प्रत्येकावर दहा थांबे, म्हणजे हजार जुळण्या. घोड्याची नाल, तारा, पत्त्यांचे रंग आणि तडा गेलेली घंटा ही चित्रे. तो यंत्रे विकत नसे, कमाईतल्या वाट्यावर लावत असे. त्याचा कारखाना १९०६ च्या भूकंपात गेला. त्यामुळे अस्सल नमुने जगातच हाताच्या बोटांवर आहेत. प्रतिकृती मात्र नंतर भरपूर निघाल्या.

फळांची चित्रे दिसली तर ती फेची मूळ लिबर्टी बेल नव्हे. चेरी, आलुबुखार, संत्रे, लिंबू ही मंडळी १९१० च्या सुमारास मिल्सच्या च्युइंग गम देणाऱ्या यंत्रांबरोबर आली. पुढच्या काळात प्रत्येक रिळावर वीस थांबे रूढ झाले, म्हणजे आठ हजार जुळण्या.

नकली ओतकाम ओळखायची एक पक्की पद्धत आहे. मूळ पुढ्यावरच साचा घेऊन नवा ओतला तर धातू थंड होताना आकसतो, अ‍ॅल्युमिनियम साधारण १.३ टक्के, बीड १ टक्का. म्हणून ३०० मिमीचा पुढा २९६ मिमीच्या आसपास भरतो आणि पेचांची भोके पेटीशी किंचित चुकतात. किर्लोस्करवाडी-पलूस भागात पॅटर्नमेकर याच कारणासाठी वेगळी आकसपट्टी वापरतात. त्यांच्यापैकी कोणाला फोटो दाखवलेत तर कडा बोथट का दिसतात तेही तो सांगेल. दुसरे : डोक्यावर फुलीची खाच असलेला फिलिप्स पेच १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. १९२५ सालच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात तो दिसला तर निदान तो पेच तरी नंतरचा. विक्रेत्याकडून उघडे मागचे दार, अनुक्रमांक, रिळांच्या चकत्या, तळ आणि नाण्याचे तोंड यांचे फोटो मागा. दार उघडायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : महामार्गावर आमचे हॉटेल आहे. दर्शनी भागात असे यंत्र ठेवले तर गिऱ्हाईक खूश होईल. (सातारा)

उत्तर : पैशावर चालणारे म्हणून अजिबात नको. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यात जुगाराच्या साधनांची व्याख्या मोठी आहे. गोव्यात काही पंचतारांकित हॉटेलांना परवानगी आहे म्हणून इथे चालेल असे समजू नका. काचेच्या कपाटात, दांडा आतून बांधून, नाणे-तोंड बंद करून, खरेदीच्या कागदांसह ठेवायचे असेल तरी आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. संग्रहाची जागा घर हीच बरी.

प्रश्न : एसटी स्टँडवर नाणे टाकून वजनाचे तिकीट देणारे यंत्र असे. तसे एक भंगारात मिळाले. यावर नाव नाही, काळ कसा ठरवायचा? (कराड)

उत्तर : हे खेळयंत्र नव्हे, पण नात्यातले आहे, आणि तपासायची रीत तीच. आधी तोंड मोजा. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. तोंड आण्याच्या मापाचे असेल तर यंत्र त्याआधीचे किंवा आण्याची नाणी चालत होती त्या सांधेकाळातले. मग तबकडी पाहा. पौंड किंवा शेर असतील तर १९६२ पूर्वीची, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून वजनांत मेट्रिक पद्धत सक्तीची झाली. नवी तबकडी जुन्या पाट्यावर चिकटवलेली असू शकते, म्हणून कडेने नख घालून बघा. वजन-मापे निरीक्षकाचा शिक्का शिशाच्या छोट्या गोळीवर ठोकलेला असतो. ती गोळी रंगाने भरली असेल तर लाकडी दातकोरणीने हलके साफ करा, सुईने नव्हे. शिशावर सुईचा एक ओरखडा गेला की त्यावरचा आकडा कायमचा जातो.